भिरूड सरांचं बिनआवाजाचं गाणं

भिरूड सर टीव्हीचा आवाज बंद करून गाणी बघायचे. बातम्या नव्हे, क्रिकेट नव्हे, गाणी. माझ्या दुकानात आले की पहिलं काम म्हणजे आवाजाचं बटण शेवटपर्यंत डावीकडे फिरवायचं. मग स्टुलावर बसून हाताची घडी घालायचे आणि नट-नटी बागेत धावत असले की डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसे गंभीर होऊन बघायचे. मी एकदा म्हणालो, "सर, गाणं ऐकायचं असतं ना?" तर म्हणाले, "आवाज ही लाच आहे, वसंतभाऊ. लाच काढून घ्या, मग बघू चित्राच्या अंगात किती बळ आहे ते."

माझं दुकान तेव्हा जळगावच्या बसस्टँडसमोर होतं. लग्न, मुंज, साखरपुडा, पुढाऱ्याचा वाढदिवस, सगळ्याचं शूटिंग करून मिळायचं. खांद्यावरचा एक कॅमेरा, दोन व्हीसीआर, एक हॅलोजन आणि चित्रं जोडायचा एक मिक्सर एवढी माझी दौलत. मिक्सरमध्ये बदाम होता, सूर्यफूल होतं, फुलपाखरू होतं. नवरदेवाचं तोंड सूर्यफुलात बसवलं की नवरदेवाचा बाप खूश, आणि आमच्या धंद्यात बाप खूश म्हणजे जग खूश. माध्यम वगैरे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

सर गावातल्या एका कॉलेजात जनसंवादाची पदविका शिकवायचे. नव्वदनंतर घरोघरी केबल आली आणि संस्थाचालकांना एकदम ही पदविका काढायची हुक्की आली. या संस्थेनं खोली दिली, कपाट दिलं, दारावर पाटी रंगवून दिली, कॅमेरा तेवढा द्यायचा राहिला. सर स्वतः तासिका तत्त्वावर होते. म्हणजे शिकवले तेवढे तास माणूस, बाकीच्या वेळी कोणी नाही. एक दिवस ते दुकानात आले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "तुम्ही आजपासून आमचे मानद तंत्रमार्गदर्शक." मानद म्हणजे फुकट, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

सरांचं सगळं शास्त्र पाच चौकोनांत होतं. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, प्रतिसाद. या पाचांमधून एक वाकडीतिकडी रेघ जायची, तिचं नाव गोंगाट. हे चौकोन ते फळ्यावर तर काढायचेच, पण माझ्या शटरवर, पावतीपुस्तकाच्या मागे, एसटीच्या धुळकट काचेवरही काढायचे. चहावाल्यानं साखर जास्त टाकली की विचारायचे, "चौकोन कोणता चुकला?" मी म्हणायचो, "सर, चहावाला चुकला." "तसं नाही. तुम्ही कमी गोड म्हणालात तेव्हा मागे ट्रकचा हॉर्न वाजला. गोंगाट." चहावाला दर वेळी गोंगाटावर सुटायचा आणि आम्ही तो पाक मुकाट्यानं प्यायचो.

त्यातल्या ग्राहकावर त्यांचा फार जीव. कुठलीही गोष्ट सांगायला गेलात की मधेच बोट वर करायचे. "थांबा. ग्राहक कोण?" प्राचार्यांनी सूचना काढली, "ग्राहक कोण?" पोरांनी गॅदरिंगचं नाटक बसवलं, "ग्राहक कोण?" पोरांनी त्यांचं नावच ग्राहक पाडलं होतं. वर्गात शिरण्याआधी सरांना ते ऐकू जायचं. मग ते आत येऊन तेच शांतपणे फळ्यावर लिहायचे.

बोलण्याची तऱ्हाही जगावेगळी. माणसाकडे पाठ करून एक शब्द बोलायचे नाहीत. फळ्यावर लिहिताना तोंड बंद, लिहून झालं की खडू ठेवायचे, हात झटकायचे, वळायचे आणि मग बोलायचे, तेही ओठ असे मोठे उघडून की जणू समोर सगळी बालवाडी बसली आहे. रस्त्यानं आपल्याबरोबर चालताना बोलायची वेळ आली तर भरभर पुढे जायचे आणि उलटं चालत बोलायचे. एकदा असेच बोलत बोलत बाजारात भरिताच्या वांग्यांच्या हातगाडीवर जाऊन बसले. गाडीवाल्यानं त्यांच्या सात पिढ्या काढल्या. सर अंगावरची वांगी काढत मला म्हणाले, "बघा, याचा संदेश किती स्पष्ट आहे. शब्द गाळले तरी कळेल."

पण मानलं पाहिजे, माणूस आवाजाशिवाय बघायचा ते भलतंच खरं बघायचा. एकदा मी एका लग्नाची कॅसेट लावून बसलो होतो. नवरी पाठवणीच्या वेळी धाय मोकलून रडत होती. सर म्हणाले, "ही सासरी जायचं म्हणून रडत नाहीये. तिला चप्पल चावतेय." मी हसलो. मग पडद्याच्या कडेला एका टोपीवाल्याकडे बोट केलं. "आणि हा मुलाचा मामा. याला टॉवेल-टोपी मिळालेली नाही." कॅसेट न्यायला नवरीचा भाऊ आला तेव्हा मी सहज विचारलं. मामा तीन दिवस जेवला नव्हता, आणि नवरीच्या टाचेला पट्टी बांधली होती. मला तेव्हा जरा भीतीच वाटली या माणसाची.

त्या वर्षी सरांनी प्रात्यक्षिक काढलं, मुलांनी एक गाणं चित्रित करायचं. केबलवर दिवसरात्र तेच चाललेलं असायचं, त्यामुळे पोरं हरखली. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे आबासाहेब म्हणायचो, त्यांनी जाहीर केलं की जानेवारीच्या गॅदरिंगला हे गाणं दाखवायचं, आणि ते बघून पदविका चालू ठेवायची की नाही ते ठरवू. म्हणजे सरांची नोकरीही त्याच कॅसेटमध्ये जाऊन बसली. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ते त्यावेळी चौकोन काढत होते.

गाणं कोणतं, यावर वर्गात आठ दिवस रण माजलं. दीपनगरचा प्रवीण, त्याचे वडील वीजकेंद्रात, त्याच्याकडे गॉगल होता आणि मोटारसायकल होती, म्हणून त्याच्या मते गाण्यात या दोन वस्तू असणं अटळ होतं. बोदवडची सुनीता मागच्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाही. तिनं आठव्या दिवशी उठून, कापूस वेचताना तिची आई म्हणते ते गाणं म्हणून दाखवलं.

"पांढरं बोंड, काळी माती, येचता येचता भरली ओटी. भरल्या ओटीची वाट लांब, माय म्हने, बाई, थोडी थांब."

पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "आता आवाज न करता म्हण." सुनीता गोंधळली. मग तिनं नुसते हात हलवले. बोंड वेचलं, ओटीत टाकलं, लांब बघितलं, आणि आईसारखा तळहात वर केला, थांब. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. नंतर म्हणाले, "हेच." प्रवीणनं विचारलं, "सर, पण ग्राहक कोण?" वर्ग पुन्हा हसला. सर म्हणाले, "आहे एक."

दिवाळीनंतर कापूस फुटला तसे आम्ही बोदवडला सुनीताच्या शेतात गेलो. शूटिंग आहे असा निरोप तिनं आदल्या दिवशी आईकडे पाठवला होता. आम्ही बांधावर पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. दहा-बारा बाया कापसात उभ्या, पण ठेवणीतल्या शालूत, नथी घालून, केसांत गजरे माळून. आमच्या मुलखात तेव्हा शूटिंग या शब्दाचा एकच अर्थ होता, लग्न. एक म्हातारी तर ताटात खण-नारळ घेऊन आली होती.

"नवरी कोठी हाय, भाऊ?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं, नवरी नाही, तुमचंच शूटिंग आहे, कापूस वेचायचा. म्हातारीनं मला नखशिखांत न्याहाळलं. "येवढ्या उन्हाचं शालू नेसून आलो, आन् कापूस येचा म्हनतो? तो तं आमी रोजच येचतो. त्याचं काय काढतं?"

आणि कॅमेरा चालू होताच काय झालं असेल? सगळ्या बाया रांगेत आल्या. एक एक जण पुढे यायची, कॅमेऱ्याकडे तोंड करून खांबासारखी उभी राहायची, मनात दहापर्यंत मोजायची आणि बाजूला व्हायची. आहेर देताना लग्नात उभं राहतात तसं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीच तर इतकी वर्षं जिल्हाभर त्यांना ते शिकवलं होतं. एकीचंही तोंड कॅसेटमधून सुटलं तर भावकीत अबोला होतो, म्हणून आम्ही शूटिंगवाले प्रत्येकाला दहा आकडे उभं करतो.

प्रवीण म्हणाला, "सगळं वाटोळं झालं सर, साड्या बदलायला लावा." सर मात्र वहीत लिहीत होते. "प्रतिसाद आला, वसंतभाऊ. संदेश जायच्या आधी प्रतिसाद." मग त्यांनी वही मिटली. "साड्या राहू द्या. तोंडंही नकोत. फक्त हात घ्या." आधीच ठरलं होतं की त्या शालूंनी ठरवायला लावलं, देव जाणे. पुढे वर्गात त्यांनी यावर एक तास घेतला आणि त्याला संदेशाची काटछाट असं नाव दिलं. माझा अनुभव असा की सगळं शास्त्र अशाच फजितीतून निघतं आणि नाव मागाहून मिळतं.

"तोंड नाही येनार?" म्हातारीनं विचारलं. "मंग माह्या नातवाले काय दाखू?"

सर तिच्यासमोर मांडी घालून बसले, सगळं तोंड उघडून, सावकाश बोलले. "मावशी, हात दाखवा. ओळखेल तो. आईचे, आजीचे हात कोणीही ओळखतं." म्हातारीनं ताट बांधावर ठेवलं आणि कापसात शिरली. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा नुसते हात काढले. चिरा पडलेल्या बोटांतून कापूस कसा अलगद सुटतो, ओटी कशी हळूहळू जड होते. सगळ्यात शेवटी म्हातारीनं तळहात वर केला, थांब, आणि खाली घ्यायलाच विसरली. बहुधा दहापर्यंत मोजत असावी. तो हात काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

मग मिक्सिंग. आमच्या धंद्याची रीत अशी की आधी कॅसेटवर गाणं भरायचं, मग त्याच्यावर चित्रं चिकटवायची. सरांनी ती उलटी केली. आधी नुसती चित्रं, आवाज अजिबात नाही, गाणं सगळ्यात शेवटी. "मग ताल कसा जमायचा?" मी विचारलं. ते माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरून बसायचे आणि म्हणायचे, "इथं तोडा." सुनीताची चाल त्यांच्या बोटांत बसली होती. पंधरा दिवस हा माणूस कॉलेज सुटलं की येऊन माझ्या टेबलावर बोटं बडवायचा. प्रवीणनं हट्टानं काढून घेतलेला एक तुकडा होता, तो गॉगल लावून कापसातून पळतो असा. सरांनी तो एकदा बघितला आणि विचारलं, "हा का पळतोय?" प्रवीणला सांगता येईना. "मग नको," म्हणाले. चित्रांची कॅसेट तयार झाली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांत धरून माझ्याकडे दिली. "आता आवाज तुम्ही भरा. त्यात मला रस नाही. फक्त चित्राला हात लावू नका."

मधे एकदा दुपारी सर तापानं आडवे झाले म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या जळगावात दोन खोल्यांचं घर. दारात पोचलो तर आत टीव्ही चालू, आवाज बंद. मनात म्हटलं, घरीसुद्धा नाटक सोडत नाही हा माणूस. आत सर गोधडी पांघरून खाली बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक पिकल्या केसांची बाई. ती टीव्हीकडे बघत होती आणि सर तिच्याकडे तोंड करून हातांनी काहीतरी सांगत होते. बोटं, मनगट, भुवया, ओठ, सगळं बोलत होतं.

"या, बसा," मला म्हणाले. "ही अक्का. मोठी बहीण. चार वर्षांची होती तेव्हा ताप आला, तेव्हापासून ऐकू येत नाही."

अक्कानं मला वाकून नमस्कार केला आणि पाणी आणून दिलं. सरांनी तिला माझ्याबद्दल काय सांगितलं कोण जाणे, पण खांद्यावर कॅमेरा धरल्याची खूण केली तशी ती एकदम हसली. सरांचं उलटं चालणं, फळ्याकडे तोंड झालं की गप्प होणं, ते तोंड वासून बोलणं, सगळं माझ्यापुढे एकदम उभं राहिलं. आम्ही या माणसाच्या मागे त्याची नक्कल करायचो. मी तर फार बेमालूम करायचो.

"ती रोज गाणी बघते," सर सांगत होते. "आणि रोज मला एकच विचारते. हे का पळतायत? दहा वर्षं झाली, वसंतभाऊ, मला सांगता आलेलं नाही. मी म्हणतो प्रेम आहे. ती म्हणते, मग बसून बोलत का नाहीत?" ते हसले आणि खोकले. "लग्नाचं लोक विचारतात. आली असती कोणीतरी. तिनं अक्काला जेवू घातलं असतं, बोलली नसती. मला फक्त एक गाणं करायचं होतं, की जे बघताना मी मधे बसायला नको."

"मग कॅसेट घरीच आणू का? व्हीसीआर घेऊन येतो."

"नाही. लोकांत बसून बघू दे. टाळ्या पडताना तिलाही कळलं पाहिजे, कशासाठी पडल्या. पहिल्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे."

त्यानंतर जे झालं ते मी केलं. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

गॅदरिंगच्या चार दिवस आधी आबासाहेब दुकानात आले. त्यांनी कॅसेट बघितली. बघून म्हणाले, "हे काय? नुसते हात? कापूस तर आमच्या जिनिंगच्या कारखान्यात ढिगानं पडलाय. यात कॉलेज कुठंय? संस्था कुठंय?" मग खुर्ची जवळ ओढून, आवाज उतरवून म्हणाले, "वसंता, तू हुशार आहेस. थोडं आमचंही दाखव. कोर्स कायम करायला मला संस्थेच्या बोर्डापुढे काहीतरी दाखवायला नको का? आणि मे महिन्यात आमच्या पोराचं, बापूचं लग्न आहे. शूटिंग दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही असं मी घरात सांगितलंय."

मी स्वतःला समजावलं की सरांची नोकरी वाचवतोय. ते खोटं नव्हतं, पण बापूचं लग्न त्याच्यापेक्षा खरं होतं. सरांची कॅसेट मी बाजूला ठेवली, तिची नक्कल काढली आणि त्या नकलेवर आवाज भरला, आणि भरता भरता चित्राला हात लावला. प्रवीणचा पळण्याचा तुकडा घातला. मोटारसायकल घातली. प्रत्येक कडव्याला सूर्यफूल उमलवलं. शेवटी म्हातारीचा तळहात होता, तिथं आबासाहेब बदामात बसवले, नमस्कार करताना, वरून पाकळ्या पडताहेत. काम उत्तम झालं होतं. लग्नाच्या धंद्यात असं काम बघून लोक पत्ता विचारत येतात.

गॅदरिंग भर दुपारी होतं. हॉलच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला होता आणि स्टेजवर चार टीव्ही मांडले होते. पहिल्या रांगेत कडेला सर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि शेजारी अक्का, नव्या लुगड्यात, हातात रुमाल घट्ट धरून. गाणं सुरू होण्यापूर्वी सर मुद्दाम एक खुर्ची सोडून सरकून बसले. मधे बसायचं नव्हतं ना.

गाणं सुरू झालं. पहिले हात आले तेव्हा अक्का पुढे झुकली. मी मागे व्हीसीआरजवळ उभा होतो, तिथून मला तिची मान दिसत होती. बोंड सुटलं तशी तिची बोटं मांडीवर हलली. मग सूर्यफूल उमललं आणि त्यातून प्रवीण गॉगल लावून पळत आला. हॉलमध्ये शिट्ट्यांचा पूर लोटला. पोरं बाकांवर चढली. अक्कानं सावकाश मान वळवली आणि एका खुर्चीपलीकडे बसलेल्या भावाला हातानं विचारलं. मला ती भाषा येत नव्हती, पण तो प्रश्न मला कळला.

सर हलले नाहीत. पडद्याकडेच बघत राहिले. मग उठले, मधल्या खुर्चीवर येऊन बसले, पडद्याकडे पाठ केली आणि हातांनी तिला ते गाणं सांगायला लागले. बोंड, माती, ओटी, लांबची वाट. पडद्यावर मोटारसायकल चालली होती, आबासाहेबांवर पाकळ्या पडत होत्या, आणि अक्का तिकडे बघतच नव्हती. शेवटी सरांनी तळहात वर धरला. टाळ्या त्याच वेळी पडल्या, पण त्या आबासाहेबांना होत्या. मला तिथंच जमीन दुभंगावी असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. भांडले असते तर बरं झालं असतं. टीव्ही चालू होता, त्याचा आवाज बंद केला नाही, तो पहिलाच दिवस. म्हणाले, "ग्राहक खूश होता, वसंतभाऊ. शास्त्र तुमच्या बाजूनं आहे." मग विचारलं, "मूळ कॅसेट आहे का?" ती माझ्यामागच्या फळीवरच होती. मी म्हणालो, "बघतो शोधून." त्यांच्या हातात ती देताना त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, ते मला झेपणार नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पदविका जूनमध्ये बंद झाली. बोर्डापुढे आबासाहेबांनी माझी कॅसेट दाखवली, बोर्डाला ती फार आवडली आणि त्यांनी त्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. बापूच्या लग्नाचं शूटिंग नाशिकच्या एका पार्टीला गेलं. त्यांच्या मिक्सरमध्ये म्हणे मोर होता.

सरांना पुढे सोनगीरला तासिका मिळाल्या. रोज सकाळी जळगावहून धुळे आणि धुळ्याहून पुढे दुसरी बस. माझं दुकान स्टँडसमोर असल्यामुळे मला ते रोज दिसायचे आणि मी रोज शटरची कड पुसत खाली बघायचो. एक दिवस मान वर झाली. धुळ्याची गाडी खचाखच भरलेली, कंडक्टर ओरडत होता, "बठ्ठा मांगे सरका, मांगे जागा शे." खिडकीची काच बंद. आत सर. त्यांनी मला बघून तळहात वर केला. राम राम होता, की थांब होतं, की नुसतीच काच पुसत होते, ते मला कळलं नाही. गाडी निघाल्यावर काचेच्या धुळीत त्यांच्या बोटांचे ठसे राहिलेले दिसले.

त्या दुपारी मी कॅसेट काढली, व्हीसीआर पिशवीत घातला आणि जुन्या जळगावात गेलो. सर सोनगीरला असणार हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी दुपारी गेलो होतो. अक्कानं दार उघडलं, मला ओळखलं, खांद्यावर कॅमेरा धरल्याची खूण केली. मी व्हीसीआर जोडला आणि कॅसेट लावली.

हात आले. नुसते हात. ना सूर्यफूल, ना कोणी पळणारा. अक्का खाली बसली आणि पडद्याच्या अगदी जवळ सरकली. ओटी भरत गेली तशी तिनं आपल्या लुगड्याची ओटी धरली. शेवटी म्हातारीचा तळहात आला, दहा आकडे तसाच राहिला, आणि अक्कानं आपला तळहात वर करून काचेला लावला. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मधे कोणी बसलं नव्हतं. जे सरांनी बघायला हवं होतं ते मी बघत होतो.

मग ती वळली, माझ्याकडे बोट केलं आणि पुन्हा लाव अशी खूण केली. मी कॅसेट मागे नेली. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. ती उठली आणि टीव्हीच्या आवाजाचं बटण शोधून, ते त्या घरात कधी फिरवलं गेलं असेल की नाही कोण जाणे, पार उजवीकडे फिरवलं. माझ्या कानाकडे बोट दाखवून हसली. पाहुण्याला ऐकू येतं, त्याला आवाज पाहिजे, इतकंच.

आवाज कुठून येणार? ती कॅसेट सरांची होती. तिच्यात गाणं मी कधी भरलंच नव्हतं. टीव्हीतून नुसती खरखर येत होती, आणि अक्का पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती, मला गाणं नीट ऐकू येतंय ना ते.

मी मान डोलवायला लागलो. तिनं माझी मान बघितली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. ताल चुकू नये म्हणून मी मनातल्या मनात सुनीताचं गाणं म्हणत राहिलो.